गाडीतून तंबोरा नेताय? या चुका टाळा

गेल्या सात वर्षांत आमच्या तंबोऱ्याचं गाडीत जे जे बिघडलं, त्यात आपटून फुटण्याचा प्रसंग एकदाच आला. बाकी सगळं उन्हाने, दमट हवेने आणि आमच्या घाईने केलं. लोक मात्र आधी खड्ड्यांबद्दल विचारतात.

गाडी म्हणजे जुनी ईको. मागच्या भागात प्लायचा सुटा पलंग, हातभर ओटा, पाण्याचे दोन कॅन. आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. सावंतवाडी, कुडाळ, बेळगाव, कधी मिरज असे भजना-बैठकीचे फेरे असतात. देवळाच्या अग्रशाळेत खोली मिळाली नाही तर रात्री गाडीतच पाठ टेकायची. तंबोरा पुरुषी, म्हणजे पुरुषांच्या आवाजाला लागतो तो मोठा, पाचेक फुटांचा. "इलेक्ट्रॉनिक घ्या की, पिशवीत मावतो," असं सांगणारे पायलीचे पन्नास भेटतात. घेतलाय, रियाजाला चालतो. पण केसरबाई आणि मोगूबाई यांच्यासारख्या गायिका ज्या मुलखातल्या, तिथे बैठकीला खोका पुढे ठेवून बसायला अजून जीव होत नाही. हा माझा हट्ट समजा.

घेर म्हणजे रुंदी नव्हे

तंबोरा विकणारे भोपळ्याचा घेर सांगतात. आमचा पन्नास इंची. पलंग करताना ह्यांनी हिशेब केला, पन्नासला तीनने भागलं की सोळा-सतरा, म्हणून पलंगाखाली सतरा इंच मोकळे सोडले. आकडा बरोबर होता. पण तंबोरा उघडा थोडाच ठेवायचा असतो? जाड गवसणी (कापडी खोळ) चढली, खाली मऊ काहीतरी आलं, की सतराचे वीस होतात.

"अगं, मावतोय की," हे म्हणाले.

"अहो, मावतोय, पण पलंगावर तुम्ही बसलात की फळी भोपळ्याला टेकते."

फळी उचलून पाय वाढवावे लागले. तेव्हा सुतार बोलावण्याआधी तंबोरा गवसणीसकट जमिनीवर निजवा आणि तो मापा. लांबीचंही तेच. ईकोसारखी गाडी बाहेरून जेमतेम दीड मीटर रुंद. पाच फुटी तंबोरा तिच्यात आडवा बसत नाही, गाडीच्या लांबीत उभाच निजवावा लागतो. म्हणजे तो पलंगाची लांबी खाणार, हे आधीच गृहीत धरा. आणि पलंग सुटाच ठेवा. पत्रा कापणं, गाडीची मूळ रचना बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतं. आरटीओची परवानगी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

सामान भरून झाल्यावर उरलेल्या जागेत तंबोरा

ही सगळ्यात मोठी चूक, आणि आम्ही ती दोन वर्षं केली. गाद्या, भांडी, कपडे भरून झाले की तंबोरा मागच्या दाराशी सरकवायचा. मागच्या चाकांच्याही मागे जे असतं त्याला धक्के सर्वांत जास्त बसतात. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको. तंबोऱ्याची जागा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली. तो आधी निजवायचा आणि मग बाकीचं सामान त्याच्या अवतीभवती.

भोपळा पुढे, खुंट्या मागे. ब्रेक लागला की सगळं पुढे धावतं. खुंट्या पुढे असतील तर त्या सीटवर आपटतात आणि भोपळ्याचं वजन मागून गळ्यावर येतं. दांडी आणि भोपळा जुळतात तो गळा हा तंबोऱ्याचा सगळ्यात नाजूक सांधा. तबली, म्हणजे भोपळ्यावरचं लाकडी झाकण, वर ठेवायची, म्हणजे तिच्यावरच्या, तारा पेलणाऱ्या घोडीवर भार येत नाही.

भोपळ्याखाली आम्ही आता चुंबळ ठेवतो. हसू नका. आधी उशी वापरायचो, ती दबायची आणि भोपळा एकाच ठिकाणी टेकून राहायचा. वाळलेला भोपळा वरून केवढा भक्कम दिसतो, पण तो पातळ असतो. एका जागी दाब आला की तडकतो. जुन्या सोलापुरी चादरीची पिळून केलेली वीतभर जाड चुंबळ त्याला गोल कड्यासारखी सगळीकडून धरते. दुसरा आधार गळ्याखाली, तिसरा खुंट्यांच्या अलीकडे. दांडी मध्येच अधांतरी ठेवू नका. बांधायला रुंद नवार घ्या. बकल भोपळ्यावर येता कामा नये.

आता तो एकदाचा प्रसंग. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेलो. ओहोटी होती, धक्क्याचा उतार नेहमीपेक्षा उभा. बोटीतून बाहेर पडताना गाडीने नाक वर केलं आणि ओट्याखालचा पाच किलोचा सिलिंडर गडगडत मागे आला. तंबोरा नवारीने बांधलेला होता, तो जागचा हलला नाही. सिलिंडर बांधलेला नव्हता. "टक्" असा बारीकसा आवाज आला, मडक्याला पळी लागावी तसा. भोपळ्याला बोटभर लांबीची भेग, शेजारी नखाएवढा तुकडा खाली. तंबोरा बांधणारे पुष्कळ असतात, पण सिलिंडर, कॅन, कुकर कोण बांधतो?

बंद गाडी आणि ऊन

एप्रिल-मेमध्ये पणजीला जेवायला थांबलात, काचा बंद करून गाडी उन्हात लावली, की आतला पारा तासाभरात पन्नाशी ओलांडू शकतो. जुन्या पद्धतीच्या तंबोऱ्याचे सांधे सरसाने जोडलेले असतात आणि सरस उष्णतेने सैल पडतो. वर तारांचा ताण चालूच. मग तबलीची कड एके ठिकाणी उचलते. पॉलिश लाखेचं असेल तर तेही चिकट होतं आणि गवसणीच्या अस्तराची नक्षी त्यावर उमटते. आमच्या तंबोऱ्याच्या पाठीवर ती अजून आहे.

ईको-ओम्नीत आणखी एक गोम आहे. इंजिन पुढच्या सीटखाली असतं. भोपळा पुढे ठेवायचा म्हटलं की तो नेमका त्या गरम भागाशी जातो. चोर्ला घाट चढून वर आल्यावर सीटच्या पाठीमागे हात लावून पाहा. आम्ही मध्ये वीतभर मोकळी जागा सोडतो आणि तिथे घडी केलेलं घोंगडं उभं करतो. जेवायला थांबलो तर आमच्यातलं एक जण आळीपाळीने सावलीत गाडीशी. सावलीच नसेल तर तंबोरा खांद्यावर घेऊन सरळ खाणावळीत शिरायचं. खाणावळवाले त्याला कोपरा देतात, शिवाय तासभर गप्पाही होतात.

तारा चढवलेल्या ठेवणे, किंवा साफ उतरवणे

दोन्ही टोकं चुकीची. चढलेल्या तारांनिशी घाट, ऊन, पाऊस पार केले तर ताण गळ्यावर येतो. पण तारा पूर्ण सैल केल्या तरी पंचाईत होते. घोडी पुष्कळदा हलकीच चिकटवलेली असते, तारांच्या दाबाचा तिला आधार असतो. तो गेला की ती सरकते, जवारीचे, म्हणजे झंकारासाठी तारांखाली घातलेले, दोरे गळून पडतात आणि मुक्कामी पोचल्यावर आपण अंधारात दोरे शोधत बसतो. चारही तारा दोन-तीन स्वर उतरवा, सूर बारीक जुळवायचे मणी खाली सरकवा, दोरे तारेखाली जिथले तिथे राहू द्या. तबलीवर घोडीच्या दोन्ही कडांना कागदी टेपचे छोटे तुकडे लावून ठेवले की ती सरकली तरी मूळ जागा कळते.

पावसाळा आणि फोडणी

वास्कोचा दामोदर सप्ताह श्रावणात. म्हणजे भर पावसात, ओल्या छत्र्यांसकट गाडीत. त्यात गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला २०१९ पासून कायद्याने बंदी, दंड होतो. नियम चांगलाच आहे, किनाऱ्यांची दशा बघितलीत तर पटेल. पण मग चूल गाडीत येते. बंद गाडीत भात शिजला की ती वाफ तबलीत मुरते, फोडणीचं तेल तारांवर बसतं आणि त्यावर धूळ. आम्ही गाडीत आता फक्त चहा करतो, तोही मागचं दार उघडं ठेवून. जेवण बाहेर.

गवसणीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, पण टाकून विसरू नका. निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे ते ओल शोषून तृप्त झाले. जून ते सप्टेंबर आमच्याकडे आठवडाभरात ही वेळ येते. तव्यावर मंद आचेवर परतले की पुन्हा निळे. तो तवा मात्र वेगळा ठेवा, त्यावर पुन्हा भाकरी नको. तांदळाच्या पुरचुंडीवर माझा विश्वास नाही.

एसी लावून आलात तर पोचताक्षणी गवसणी उघडू नका. थंड तारांवर बाहेरच्या दमट हवेचं पाणी धरतं आणि दुसऱ्या दिवशी तांबूस ठिपके दिसतात. अर्धा तास तसाच झाकून ठेवा. समुद्राकाठी मुक्काम असेल तर सकाळी तारा कोरड्या सुती फडक्याने पुसा.

रात्री तो झोपणार कुठे, हा प्रश्न उरतो. गाडी थांबलेली असताना आम्ही छतापासून नवारीच्या दोन झोळ्या सोडून त्याला पलंगाच्या वर, खिडकीच्या बाजूला टांगतो. चालत्या गाडीत नाही, झोके बसतात. दिवसाही नाही, छत तापतं.

पोचल्यावर काहीतरी बिनसलंय

खुंटी सरकते: बेळगावच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं. खुंटी काढून खडू घासा, आत दाबत फिरवा.

खुंटी अडकली: पावसात ती फुगते. पकड लावू नका, दांडीचं भोक फाटेल. पंख्याखाली रात्रभर ठेवा, मग तार उतरवून हलकेच फिरवत बाहेर ओढा.

जवारी बोलत नाही, म्हणजे झंकार येत नाही: घोडी घासायला कानस हातात घेण्याआधी दोरा तपासा, घोडी टेपच्या खुणांमध्ये आहे का पाहा. तरीही नाही बोलली तर सकाळपर्यंत थांबा. प्रवासाहून आल्या आल्या जवारी घासून वाट लावलेले तंबोरे मी पाहिलेत.

नवी खरखर: गवसणीची चेन, तुमच्या गळ्यातली साखळी, सैल मणी. दहातल्या नऊ वेळा एवढंच निघतं.

भोपळा तडकला: तारा उतरवा, भोवती मऊ कापड गुंडाळा, पडलेला प्रत्येक कण कागदात जपा. इन्स्टंट गोंद लावू नका. मी लावला होता. मिरजेत तंबोरा घेऊन गेले तेव्हा तिथल्या तंबोरे बनवणाऱ्या चाचांनी आधी बोटाच्या पेराने भोपळा वाजवला, भेगेपाशी येऊन थांबले, नखाने गोंदाची कड खरवडली.

"ताई, सरस असता तर शेक देऊन उघडला असता. हा नाही उघडत, कापावा लागेल. आणि तुकडा कुठंय?"

तुकडा मी गाडी झाडताना केराबरोबर टाकला होता.

ते काही बोलले नाहीत. आत जाऊन पंढरपूरकडच्या एका जुन्या फुटक्या भोपळ्याचा काप घेऊन आले, आमच्या भोपळ्याच्या गोलाईवर धरला, फिरवला, पुन्हा धरला. चौथ्या कापाला गोलाई जुळली. ते जोडकाम अजून टिकलंय, आवाजातही फरक नाही. फक्त उन्हात धरला तर तेवढाच भाग जरा पिवळा दिसतो. सिलिंडर आता मागच्या दाराशी, दोन पट्ट्यांनी बांधलेला असतो.