टाइल्स बसवण्यापूर्वी बाथरूममध्ये पाणी साठवून पाहा
जुना फ्लॅट विकत घेऊन राहायला जाण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण करणारी जोडपी बहुधा टाइल्सच्या रंगावरच दुकानांच्या फेऱ्या खर्च करतात. मात्र बाथरूम फोडले असेल, तर नव्या वॉटरप्रूफिंगची परीक्षा टाइल्स बसण्यापूर्वीच घ्यावी, कारण नंतर गळती आढळल्यास नवी फरशी उखडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. वॉटरप्रूफिंगचा थर पूर्ण वाळल्यावर नहाणी ट्रॅपचे, म्हणजे फरशीवरचे पाणी जिथून वाहून जाते त्या जाळीखालच्या भांड्याचे, तोंड घट्ट बंद करावे, दाराशी विटांचा लहान बांध घालावा, सुमारे दोन इंच पाणी भरावे आणि भिंतीवर पातळीची खूण करून ते किमान २४ तास, शक्यतो ४८ तास, तसेच ठेवावे. गवंडी ‘एक रात्र पुरे’ म्हणेल, ऐकू नये. पातळी किंचित उतरणे बाष्पीभवनामुळेही घडते, म्हणून खरा निकाल खालच्या घराच्या छतावर, विशेषतः पाइप स्लॅबमधून उतरतो त्या जागी, पाहावा लागतो आणि त्यासाठी शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवणे बरे. भिंतीतील पाइप झाकले जाण्यापूर्वी त्यांचे, शेजारी मोजपट्टी धरून, फोटोही काढावेत. पुढे गिझर टांगताना ड्रिल कोठे चालवू नये, हे त्यांवरून कळते.