शांतता करारात स्त्रियांचे स्थान कसे तपासावे

एखादा शांतता करार हाती आला की त्यात ‘स्त्रिया’ हा शब्द किती वेळा आला आहे, हे मोजण्याचा मोह अनेकांना होतो. मोजणी सोपी असते, पण तिच्यातून फारसे कळत नाही. तो शब्द कोणत्या कलमात, कोणत्या क्रियापदासोबत आला आहे आणि जबाबदारी कोणावर टाकली आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

वाचनाला बसताना संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा स्त्रिया, शांतता आणि सुरक्षा यांविषयीचा ठराव क्रमांक १३२५ शेजारी ठेवावा. ३१ ऑक्टोबर २००० रोजी एकमताने संमत झालेल्या या ठरावात निर्देशांचे परिच्छेद अवघे अठरा आहेत, आणि वाटाघाटींतील सहभाग, हिंसेपासून संरक्षण, गुन्ह्यांना शिक्षा, शस्त्रे खाली ठेवणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या वेगवेगळ्या गरजा असे आपल्याला विचारायचे बहुतेक प्रश्न त्यांत सापडतात.

वाचायला सुरुवात मात्र प्रस्तावनेपासून न करता माफीच्या, म्हणजे लढणाऱ्यांना खटल्यांतून सूट देणाऱ्या, कलमापासून करावी. प्रस्तावनेत कोणताही करार उदारच असतो. सिएरा लिओनचे सरकार आणि तेथील बंडखोर यांच्यातला जुलै १९९९चा लोमे करार या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. त्याच्या २८व्या कलमात, युद्धात स्त्रियांना विशेष झळ पोहोचल्याने पुनर्वसनाच्या कार्यक्रमांत त्यांच्या गरजांकडे आणि क्षमतांकडे खास लक्ष दिले जाईल, असे म्हटले आहे. ९वे कलम मात्र लढणाऱ्या सर्वांना सरसकट माफी देते आणि त्यातून बलात्कारही वगळत नाही. वंशसंहार, युद्धगुन्हे आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांना ही माफी लागू होणार नाही, अशी नोंद संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने स्वाक्षरी करताना केली खरी, पण ते सह्या करणाऱ्या पक्षांचे वचन नव्हते. ही दोन कलमे एकमेकांशेजारी ठेवून वाचल्याशिवाय २८व्या कलमाची किंमत कळत नाही.

माफीविषयी खुद्द १३२५ची भाषाही सावध आहे. असे गुन्हे ‘शक्य असेल तेथे’ माफीतून वगळावेत, असे तो म्हणतो. २००८च्या ठराव क्रमांक १८२०ने लैंगिक हिंसेच्या बाबतीत ही पळवाट ठेवली नाही. आपल्या हातातील मसुदा यांपैकी कोणत्या भाषेच्या जवळ आहे, ते पाहावे.

त्यानंतर क्रियापदांकडे वळावे. ‘लक्ष दिले जाईल’ या रचनेत कर्ताच नसतो, त्यामुळे पुढे जाब कोणाला विचारायचा हे ठरत नाही. अशा प्रत्येक वाक्याच्या समासात ‘कोण?’ आणि ‘केव्हापर्यंत?’ असे लिहून ठेवावे व उत्तर परिशिष्टांत शोधावे. तेथेही नसेल, तर ते वाक्य सदिच्छा म्हणून धरावे.

‘सैनिक’ या शब्दाची व्याख्या तर दोनदा वाचावी. सिएरा लिओनमध्ये शस्त्रे खाली ठेवणाऱ्यांना मदत देणाऱ्या नि:शस्त्रीकरण कार्यक्रमाच्या नोंदणीसाठी शस्त्र जमा करण्याची अट महत्त्वाची ठरली. सशस्त्र गटांनी पळवून नेलेल्या, स्वयंपाक, ओझी वाहणे आणि जबरदस्तीचे ‘लग्न’ वाट्याला आलेल्या कितीतरी मुलींकडे स्वतःचे शस्त्र नव्हते, आणि म्हणून लाभही नव्हता. येथे स्त्रियांचा उल्लेख न करताच त्यांना वगळले गेले, हे ध्यानात घ्यावे.

सह्यांचे पान पाहायला वेळ लागत नाही. फिलिपाइन्सचे सरकार आणि देशाच्या दक्षिणेतील मुस्लिम बंडखोर यांच्यातल्या २०१४च्या बांगसामोरो करारावर सरकारच्या मुख्य वाटाघाटीकार म्हणून मिरियम कोरोनेल-फेरर यांची सही आहे. अशी नावे अजूनही दुर्मीळ आहेत. पण सहीपेक्षा मसुदा कोणी तपासला हे अधिक महत्त्वाचे असते. कोलंबियाचे सरकार आणि ‘फार्क’ ही बंडखोर संघटना यांच्या वाटाघाटींत २०१४मध्ये लिंगभावविषयक उपसमिती नेमली गेली आणि तिने कराराचा मजकूर प्रकरणागणिक तपासला. २०१६च्या अंतिम करारात लैंगिक हिंसा माफीबाहेर ठेवली गेली आणि अंमलबजावणीवर नजर ठेवण्यासाठी स्त्रियांच्या स्वतंत्र मंडळाची तरतूदही झाली.

अशी तरतूद आपल्या करारात असेल, तर शेवटी तीन गोष्टी तपासाव्यात: त्या मंडळाच्या सदस्य कोण नेमणार, पैसा कोठून येणार आणि त्याचा अहवाल कोणाला स्वीकारावाच लागेल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सर्वांत उशिरा सापडते, म्हणून शोध तेथूनच सुरू करावा.