एक गणित उलटसुलट करून सोडवताना

शाळेतल्या मुलांना मी बल, संवेग (वस्तुमान गुणिले वेग) आणि गतीची गणितं शिकवतो. नवीन आलेल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘रोज किती गणितं सोडवायची?’ मी म्हणतो, दोन-तीन पुरेत, पण प्रत्येक गणित उलटसुलट करून बघायचं.

म्हणजे कसं? समजा, गुळगुळीत पृष्ठभागावर 3 किलोग्रॅमचा आणि 2 किलोग्रॅमचा असे दोन ठोकळे एकमेकांना टेकून ठेवलेत आणि मोठ्याला 20 न्यूटन बलाने ढकललंय. एकूण वस्तुमान 5 किलोग्रॅम, म्हणून त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, 20 भागिले 5 = 4 मी/से². बहुतेक मुलं इथे वही मिटतात. मिटू नका. मोठा ठोकळा लहानाला किती बलाने ढकलतोय? लहान ठोकळ्याची एकट्याची आकृती काढा. त्याला पुढे नेणारं बल एवढंच आहे, म्हणजे 2 × 4 = 8 न्यूटन. आता तेच 20 न्यूटन बल लहान ठोकळ्याच्या बाजूने लावा. त्वरण तेच राहतं, पण मधलं बल 12 न्यूटन होतं, कारण आता त्या बलाला 3 किलोग्रॅम हलवायचे आहेत. एवढ्याशा बदलाने न्यूटनचा दुसरा (बल = वस्तुमान × त्वरण) आणि तिसरा (प्रत्येक क्रियेला तेवढीच उलट प्रतिक्रिया) असे दोन्ही नियम वापरून होतात.

आकृतीच्या बाबतीत मी हट्टी आहे. सूत्र नंतर, आधी आकृती. वस्तू एकटी काढायची आणि तिच्यावर दुसऱ्या कोणीतरी लावलेली बलंच दाखवायची. प्रत्येक बाणाला विचारायचं, ‘हे बल कोण लावतंय?’ उत्तर सापडलं नाही तर तो बाण खोडा. वर फेकलेल्या चेंडूवर मुलं हमखास वरच्या दिशेने बाण काढतात. पण हात तर केव्हाच सुटलाय! हवेचा विरोध सोडला तर उरतं फक्त गुरुत्वीय बल. म्हणूनच सर्वांत उंच बिंदूवर वेग शून्य असला, तरी त्वरण 9.8 मी/से² खालच्या दिशेनेच असतं. टेबलावरच्या पुस्तकाचंही तसंच. पुस्तकाचं वजन आणि टेबलाने वर लावलेलं बल ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नव्हे, कारण दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत. जोडीतली बलं नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असतात.

संवेगात गुण जातात ते चिन्हामुळे. 0.2 किलोग्रॅमचा चेंडू 10 मी/से वेगाने भिंतीवर आदळून 8 मी/से वेगाने सरळ मागे फिरला. संवेगातला बदल किती? 2 − 1.6 म्हणजे 0.4 असं उत्तर पटकन येतं, आणि ते चूक आहे. दिशा उलटलीय, म्हणून नंतरचा संवेग −1.6. बदल −1.6 − 2 = −3.6 किग्रॅ·मी/से. भिंतीचा स्पर्श 0.02 सेकंद टिकला असेल तर सरासरी बल 180 न्यूटन भरतं. इथेही स्पर्शाचा काळ दहापट करून बघा: बल 18 न्यूटनवर येतं. त्यामुळे गणिताच्या पहिल्याच ओळीत ‘उजवीकडे धन’ असं लिहून टाकायचं. मी हे फळ्यावर प्रत्येक वेळी लिहितो.

एककांचं थोडक्यात: ताशी किलोमीटर दिले असतील तर आधी 5/18 ने गुणा. 72 किमी/तास म्हणजे 20 मी/से.

टक्करीच्या गणितात ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन चित्रं काढा. 4 किलोग्रॅमची गाडी 3 मी/से वेगाने येऊन 2 किलोग्रॅमच्या स्थिर गाडीला चिकटली, तर 12 भागिले 6, म्हणजे दोन्ही मिळून 2 मी/से वेगाने जातात. संवेग तेवढाच राहिला. गतिज ऊर्जा (गतीमुळे असलेली ऊर्जा, ½ × वस्तुमान × वेग²) मात्र 18 ज्यूलवरून 12 वर आली. उरलेली 6 ज्यूल उष्णता, आवाज आणि आकार बदलण्यात गेली. आता लहान गाडी समोरून 6 मी/से वेगाने येतेय असं धरा आणि हेच गणित स्वतः सोडवा. धडकेनंतर दोन्ही गाड्या जागीच थांबतात. मग सगळीच्या सगळी 54 ज्यूल कुठे गेली, तेही उत्तराखाली लिहा.