समुद्रतळाचा अभ्यास: सीमाभागातून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

आमच्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वाहते, आणि बी.एस्सी. होईपर्यंत समुद्राशी माझा संबंध सहलीपुरताच होता. कर्नाटक विद्यापीठाच्या कारवार येथील सागरी जीवशास्त्र विभागात एम.एस्सी.ला प्रवेश घेतला, तेव्हा आजीने काळजीने विचारले होते, "शेतातल्या पोरीला समुद्रातलं काय कळणार गं?" पुढे हा विषय मला समजला तो शेतामुळेच.

ब्रिटनच्या किनाऱ्यालगत पंख्याच्या आकाराचे स्कॅलप नावाचे शिंपले पकडण्यासाठी दातेरी लोखंडी चौकट तळावरून ओढत नेतात. तिचे चित्र पाहताच मला आमचा कुळव आठवला. कुळवणीनंतर आपण पेरणी करतो. समुद्रात मात्र कुळव फिरतो तेव्हा पीक उभेच असते. स्कॅलपची इवलीशी पिल्ले चिवट धाग्यांनी शैवाल, हायड्रॉइड, ब्रायोझोआ अशा तळावरच्या नाजूक सजीवांना धरून वाढतात, त्यामुळे ते सजीव मोडले की पुढच्या पिढीला टेकायला जागा राहत नाही. गुलाबी समुद्रपंखा हा पंख्याच्या आकाराचा प्रवाळ तर वर्षाला सुमारे 1 सेंटिमीटरच वाढतो. तो एकदा उखडला, तर भरून यायला दशके लागतात. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधल्या आइल ऑफ मॅन बेटाजवळचा एक पट्टा 1989 मध्ये अशा मासेमारीसाठी बंद केला, आणि 2003 पर्यंत तेथे पकडण्याजोग्या आकाराच्या स्कॅलपची घनता शेजारच्या खुल्या क्षेत्राच्या सातपटीहून अधिक झाली. साठा घटतो आहे की सावरतो आहे, हे जाळ्यात आलेल्या मालावरून पुरते कळत नाही, तळ पाहावाच लागतो, असे माझे ठाम मत झाले ते या उदाहरणामुळे.

तळ पाहणे म्हणजे प्रत्यक्षात चिखल धुणे. होडीतून ग्रॅब, म्हणजे तळाचा गाळ उचलणारा लोखंडी जबडा, सोडून गाळ वर काढायचा, अर्धा मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीतून तो पाण्याने हलकेच धुवायचा, उरलेला ऐवज फॉर्मलिनमध्ये ठेवून रोझ बेंगॉल या रंगाने रंगवायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली करड्या वाळूत गुलाबी पॉलिकीट (अंगावर ताठ केस असलेले समुद्री कृमी), बारीक शिंपले, झिंग्यांचे लहान नातलग उठून दिसतात. त्यांची ओळख पटायला महिने लागतात, आणि या महिन्यांत घाई करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. माझ्या पहिल्या फेरीत मी बाटल्यांवर फक्त बाहेरून शाईने लिहिले. अल्कोहोलने अक्षरे पुसली आणि एका ठिकाणचे सर्व नमुने टाकावे लागले. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आतच टाकावी.

काळी नदीच्या मुखाशी ओहोटीला तिसऱ्या काढणाऱ्या मावशींशी अवश्य बोलावे. गाळ कोठे मऊ झाला आणि शिंपल्यांचा आकार कोठे घटला, हे त्यांच्या पायांना आधी कळते.

प्रकल्पासाठी बहुतेकांना मासेमारी बंदीचा काळ सुचतो. कर्नाटकात ट्रॉलर, म्हणजे तळावरून जाळे ओढणाऱ्या यांत्रिक बोटी, 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस बंद असतात, तेव्हा बंदीपूर्वीचा आणि नंतरचा तळ ताडून पाहणे सोपे वाटते. पण त्याच दिवसांत पावसाचे गोडे पाणी आणि नद्यांचा गाळही तळ बदलत असतो. म्हणून जेथे ट्रॉलर वर्षभर जात नाहीत, अशी तेवढ्याच खोलीची आणि तशाच गाळाची एक जागा पहिल्या दिवसापासून सोबत मोजावी. ती कोठे सापडेल, हे बंदरावरचे तांडेल, म्हणजे बोटींचे म्होरके, सांगतात.