मास्तरांचा आवाज, पत्र्यावरचा पाऊस वगळून

मी केरीला राहते, फोंडा तालुक्यात. आमचे मास्तर दोन वर्षांपूर्वी लेकीकडे बेळगावला गेले, तेव्हापासून बुधवारची संध्याकाळची शिकवणी व्हिडिओ कॉलवर चालते. पहिल्या पावसाळ्यात मी मोबाइल लॅपटॉपच्या स्पीकरपाशी ठेवून त्यांचं गाणं टिपून घ्यायची. आमच्या मागच्या खोलीवर पत्रे आहेत. जुलैतली एक सबंध शिकवणी रात्री ऐकायला घेतली, तर ताडताड पाऊसच ऐकू आला. भूपातला मास्तरांचा गंधार, जो त्यांनी मला आठ वेळा गाऊन दाखवला होता, तो कान लावूनही सापडेना. मास्तरांचं वय ब्याऐंशी. त्या रात्री मला फार लागलं.

पाऊस थांबवता येत नाही, पण आवाज हवेत यायच्या आधीच धरता येतो. लिनक्समध्ये, म्हणजे विंडोजऐवजी मी वापरते त्या संगणक प्रणालीत, स्पीकरकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेला एक 'मॉनिटर' असतो. नळाच्या पाइपाला मध्येच आणखी एक तोटी काढावी, तसा. स्पीकरला जे जातं तेच या तोटीतूनही येतं. खोलीतला पंखा, कुत्रा, पाऊस त्यात येत नाही. लिनक्समधला आवाज सांभाळणाऱ्या जुन्या पल्सऑडिओ या यंत्रणेत ही सोय आहे आणि आता बहुतेक ठिकाणी त्याच्या जागी आलेल्या पाइपवायरमध्येही आहे. माझ्याकडे लिनक्सची मिंट २२ ही आवृत्ती आहे, त्यात पाइपवायर आहे. पण खाली सांगते ती रीत दोन्हींकडे चालते.

त्याआधी एक गोष्ट. मास्तरांना मी विचारलं. ते म्हणाले, "घे, पण कोणाला पाठवू नकोस." मी पाठवत नाही. गुरूचा आवाज त्यांना न सांगता साठवू नये, इतकं मी ठामपणे सांगेन.

दोन गोष्टी लागतात. एक ऑडॅसिटी, म्हणजे आवाज टिपायचं सॉफ्टवेअर. दुसरी पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल, म्हणजे कोणता आवाज कुठून घ्यायचा ते ठरवायची खिडकी. ही दुसरी सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये शोधताना पी-ए-व्ही-यू ही चार अक्षरं आणि त्यांना जोडूनच कंट्रोल हा शब्द टाका. नावात पल्सऑडिओ असलं तरी पाइपवायरवर ती बिनतक्रार चालते.

ऑडॅसिटीत ऑडिओ सेटअपमध्ये जाऊन होस्ट 'अल्सा' ठेवा आणि रेकॉर्डिंग डिव्हाइस 'पल्स' निवडा. यादीत पल्स नसेल तर 'डिफॉल्ट'. चॅनेल दोन. आता संगणकावर काहीतरी वाजत ठेवा, मग ऑडॅसिटीचं लाल बटण दाबा आणि रेकॉर्डिंग चालू असतानाच व्हॉल्यूम कंट्रोलची 'रेकॉर्डिंग' ही टॅब उघडा. इथे मी दोन संध्याकाळी घालवल्या. रेकॉर्डिंग चालू नसेल तर ही टॅब रिकामी असते, आणि मला वाटायचं की काहीतरी बसवायचं राहिलं. चालू असेल तर ऑडॅसिटीच्या नावाची एक ओळ दिसते. त्या ओळीच्या उजव्या टोकाला एक बटण असतं, त्यावर बहुधा 'बिल्ट-इन ऑडिओ अॅनालॉग स्टिरिओ' लिहिलेलं असतं, म्हणजे तुमचा माइक. ते दाबा आणि 'मॉनिटर ऑफ बिल्ट-इन ऑडिओ अॅनालॉग स्टिरिओ' निवडा. त्याच क्षणी ऑडॅसिटीतली सरळ रेष हलायला लागते. मी ती पहिल्यांदा हलताना पाहिली तेव्हा आईला हाक मारून दाखवली.

ही निवड संगणक लक्षात ठेवतो, पुढच्या बुधवारी पुन्हा करावी लागत नाही. फक्त ब्लूटूथचा हेडफोन लावलात तर आवाजाची वाटच बदलते. ब्लूटूथचा मॉनिटर वेगळा, बिल्ट-इनचा वेगळा. आपल्याला कानात सगळं ऐकू येतं आणि फाइल मात्र कोरी राहते. वायरीचा हेडफोन लॅपटॉपच्या भोकात घातला तर सहसा ही अडचण येत नाही. म्हणून शिकवणीला मी वायरीचाच वापरते.

ऑडॅसिटीच्या ट्रान्सपोर्ट मेन्यूत 'प्लेथ्रू' किंवा 'इनपुट मॉनिटरिंग' असं काही टिक केलेलं असेल तर ते काढा. नाव मॉनिटरचं असल्यामुळे ते चालू हवं असं वाटतं, पण त्याने टिपलेला आवाज परत स्पीकरकडे जातो, तिथून परत टिपला जातो, आणि दोन-तीन सेकंदांत कर्कश शीळ सुरू होते. हेडफोन कानात असेल तर दुखापतच.

आवाजाची पातळी सर्वांत उंच सुराला वजा सहा डेसिबलच्या आसपास राहू द्या. मास्तर बोलताना अगदी हळू असतात आणि तार षड्जाला जातात तेव्हा सुई लालीत शिरते. एकदा कापला गेलेला सूर नंतर दुरुस्त होत नाही, हळू टिपलेला वाढवता येतो. व्हॉल्यूम कंट्रोलच्या 'प्लेबॅक' टॅबमध्ये ब्राउझरची पट्टी शंभर टक्क्यांवर ठेवते आणि 'सिस्टिम साऊंड्स' मूक करते, नाहीतर मेल आल्याची टिंग आलापात येऊन बसते. तानपुरा मी मोबाइलवर लावते, लॅपटॉपवर नाही. मला मास्तरांचा गळा एकटा हवा असतो.

एक दोष मात्र इकडून काढता येत नाही. कॉलची यंत्रणा एकसारखा चालणारा आवाज गोंगाट समजून दाबते, आणि तानपुरा व लांबवलेला षड्ज नेमका एकसारखाच असतो. मास्तरांचा सा मध्येच विरतो तो यामुळे. झूममध्ये 'ओरिजिनल साऊंड' नावाची सोय आहे, ती त्यांच्या बाजूला चालू करावी लागते. मास्तरांच्या नातीला मी फोनवर एकेक बटण सांगून ती लावून घेतली. त्यानंतरच्या फाइलींत सा शेवटपर्यंत उभा राहतो.

मॉनिटरमध्ये आपला स्वतःचा आवाज येत नाही, हे ध्यानात असू द्या. पहिल्या फाइलींत मास्तर म्हणतात, "नाही, पंचम चढला," आणि कोणाचा चढला ते ऐकूच येत नाही. दोन्ही बाजू हव्या असतील तर ऑडॅसिटीऐवजी ओबीएस स्टुडिओ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर घ्या. त्यात 'डेस्कटॉप ऑडिओ' आणि माइक अशा दोन पट्ट्या आयत्या असतात. अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये पहिली ट्रॅक एकवर, दुसरी ट्रॅक दोनवर ठेवा, आणि आऊटपुटच्या सेटिंगमध्ये दोन्ही ट्रॅक टिक करा. हेडफोन हवाच, नाहीतर मास्तर माइकमधूनही शिरतात. फाइलीचा प्रकार एमकेव्ही ठेवा. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि बॅटरी संपून लॅपटॉप बंद पडला तरी एमकेव्ही तिथपर्यंतची वाजते.

साध्या वेव्ह फाइलीत, ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ, तासाला साधारण ६३५ एमबी जातात. मी फ्लॅक या फाइल-प्रकारात एक्स्पोर्ट करते. आवाजातलं काही न गमावता जागा बरीच वाचते. नावात तारीख आणि राग.

आणि दर बुधवारी कॉल लावायच्या आधी दहा सेकंद काहीतरी वाजवून, टिपून, परत ऐकते. मास्तर "हं, लाव सा" म्हणतात तेव्हा लाल बटण आधीच चालू असतं.