पीयूसीनंतर बायोकेमिस्ट्री: सीमाभागातल्या मुलांनी अर्ज कसा करावा

तोडलेला ऊस कारखान्याच्या गेटवर दोन दिवस उभा राहिला की वजन घटतं, हे अथणी-चिकोडीकडच्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. वजन घटतं ते पाणी उडाल्यामुळे. पण साखर उतारा का घटतो? तोडलेल्या उसातलं इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम साखरेच्या रेणूचे दोन तुकडे करत राहतं, एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज. हे दोन्ही साखरेसारखे दाणे धरत नाहीत, उलट साखरेलाही दाणा धरू देत नाहीत. हे वाचून तुमच्या मुलीनं ‘मग ते एन्झाइम थांबवता येणार नाही का?’ असं विचारलं, तर हा लेख तिच्यासाठीच आहे. ‘नीट नाही लागली तर बायोकेमिस्ट्री’ एवढाच हिशेब असेल, तर आधी घरात बसून नीट बोलून घ्या. हा विषय म्हणजे सजीवांच्या शरीरातल्या रसायनांचा अभ्यास, निम्म्याहून जास्त रसायनशास्त्रच. डॉक्टरकीची हळहळ मनात घेऊन गेलेली मुलं दुसऱ्या सेमिस्टरला परत नीटच्या क्लासात बसलेली मी पाहिली आहेत.

मी बरीच वर्षं पीयू कॉलेजात, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, केमिस्ट्री शिकवली. अजूनही मे-जूनमध्ये पालक फाईल घेऊन घरी येतात. त्यावरून एक सांगतो: आपल्या मुलांच्या जागा मार्कांवरून कमी जातात, कागदांवरून जास्त जातात. म्हणून या लेखात अभ्यासाबद्दल थोडं आणि फाईलबद्दल बरंच आहे.

पहिल्या पीयूसीलाच ठरवायची गोष्ट

कॉम्बिनेशन पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) घ्या. ‘बायो करायचंय, मॅथ्स कशाला?’ असं म्हणून गणित सोडणारी मुलं दरवर्षी भेटतात. आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे आयएटीत, ६० प्रश्न असतात: जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांचे प्रत्येकी १५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा, एकूण २४० गुण आणि वेळ ३ तास. गणित सोडलेल्या मुलाला परीक्षेला बसता येतं, पण २४० पैकी ६० गुण तो घरीच ठेवून जातो. बेंगळूरच्या आयआयएससीत, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत, तर पहिली तीन सेमिस्टर सगळ्यांना सगळे विषय असतात, गणितसुद्धा.

भाषेचंही तेव्हाच बघून ठेवा. दिल्ली विद्यापीठाला सीयूईटीत (केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेत) एक भाषेचा पेपर लागतो, आणि बारावीला जे विषय होते त्यांचेच पेपर ते धरतात. पीयूसीला तुम्ही मराठी घेतली असेल तर सीयूईटीच्या १३ भाषांत मराठी आहे. इंग्रजी सगळ्यांनाच असते, त्यामुळे बहुतेक मुलं तीच देतात.

कुठे अर्ज करायचा

‘बीएस्सी ऑनर्स बायोकेमिस्ट्री’ असं नाव लिहिलेली पदवी हवी असेल तर दिल्ली विद्यापीठ. श्री वेंकटेश्वर, दौलतराम (फक्त मुलींचं), देशबंधु आणि शिवाजी या कॉलेजांत हा कोर्स आहे. यातलं शिवाजी कॉलेज १९६१ साली डॉ. पंजाबराव देशमुखांनी काढलेलं. दिल्लीत जाऊन शिवाजी कॉलेजात शिकायचं म्हटल्यावर आमच्याकडच्या आजोबा मंडळींचा विरोध निम्मा मावळतो, हा माझा अनुभव. इथला प्रवेश सीयूईटीच्या गुणांवर होतो.

दुसरी वाट आयसरची. पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बरहमपूर अशा सात ठिकाणी पाच वर्षांचा बीएस-एमएस आहे. पदवीवर बायोकेमिस्ट्री हा शब्द दिसणार नाही. आधी सगळी विज्ञानं, मग जीवशास्त्र किंवा रसायन. पालक इथे बिचकतात. बिचकू नका, प्रथिनांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा याच संस्थांत आहेत. बारावीला ६० टक्के लागतात, एससी-एसटी आणि दिव्यांगांना ५५.

तिसरी वाट आयआयएससी. तिथला बायोकेमिस्ट्री विभाग १९२१ सालचा. पदवीचा चार वर्षांचा कोर्स मात्र २०११ ला सुरू झाला. जागा थोड्या आणि मागणी देशभरातून, त्यामुळे अर्ज करा पण एवढ्यावरच विसंबू नका. भुवनेश्वरचं निसर आणि मुंबईचं सीईबीएस या विज्ञान संस्थांसाठी नेस्ट नावाची वेगळी परीक्षा आहे. आयएटीचा अभ्यास केलेल्याला ती फार वेगळी वाटत नाही, म्हणून तीही द्यावी.

आता एक गैरसमज. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी सोय असते, त्याचे गावाचे आणि मातृभाषेचे दाखले अनेकांनी काढून ठेवलेले असतात. ते आयसर पुण्याला चालत नाहीत. आयसर पुण्यात आहे म्हणून महाराष्ट्राचं होत नाही, ती केंद्राची संस्था. तिथे खानापूरचा मुलगा आणि गुवाहाटीचा मुलगा एकाच रांगेत.

वर्ष कसं आखायचं

२०२५ चं उदाहरण घ्या. दुसऱ्या पीयूसीची पहिली परीक्षा १ मार्चला सुरू झाली आणि सीयूईटीची नोंदणीही त्याच महिन्यात. निकाल ८ एप्रिलला लागला, सीयूईटी १३ मेपासून, आयएटी २५ मे रोजी, नेस्ट २२ जूनला. म्हणजे मुलगा फिजिक्सच्या पेपरच्या आदल्या रात्री जागत असताना तिकडे अर्जाची मुदत चाललेली असते. तारखा दरवर्षी हलतात. तेव्हा जानेवारीपासून दर रविवारी एनटीएचं (सीयूईटी घेणाऱ्या संस्थेचं) आणि आयसर प्रवेशाचं संकेतस्थळ उघडून बघण्याचं काम घरातल्या एका माणसाकडे द्या, आणि तो माणूस परीक्षेला बसणारा नको. ताईकडे द्या, मामांकडे द्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘शेवटची तारीख’वाल्या चित्रांवर विश्वास ठेवू नका.

सीयूईटीत जास्तीत जास्त पाच विषय निवडता येतात. पीसीएमबीवाल्याचे इंग्रजी, केमिस्ट्री, बायोलॉजी, फिजिक्स आणि मॅथ्स असे पाच तिथेच भरतात.

फाईल

इथे जरा थांबून वाचा.

सगळ्यात आधी नाव. आपल्याकडे मराठी नाव कन्नडातून इंग्रजीत जातं आणि वाटेत त्याला शेपूट फुटतं. ‘जाधव’ कन्नडात लिहिलं की ऑपरेटर इंग्रजीत शेवटी आणखी एक ‘ए’ ठोकतो, आणि आधारकार्डावर पोरगा ‘जाधवा’ होऊन बसतो. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्सकार्डावर मधलं नाव फक्त एका अक्षरात, आधारवर पूर्ण, बँकेच्या पासबुकावर आडनाव आधी. अर्जात नाव एसएसएलसीच्या मार्क्सकार्डाप्रमाणे लिहा, एका अक्षराचाही फरक न करता, आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्या. ही दुरुस्ती पहिल्या पीयूसीच्या सुट्टीत करा. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये आधार केंद्रासमोर उभं राहायला वेळ नसतो. जुन्या कागदांवर इंग्रजीत ‘बेलगाम’ आणि नव्यांवर ‘बेळगावी’ असतं, त्याची मात्र काळजी नको. १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं हे सगळ्यांना माहीत आहे.

मग जातीचा दाखला. नाडकचेरीत (महसूल कचेरीत) मिळणारा टू-ए, थ्री-बी अशा राज्याच्या गटांचा दाखला कर्नाटक सरकारच्या कामाचा. दिल्लीला किंवा आयसरला त्याचा उपयोग नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी नॉन-क्रीमी लेयर दाखला लागतो, आणि तो मागतानाच ‘केंद्र सरकारच्या कामासाठी’ असं स्पष्ट सांगावं लागतं. त्याआधी आपली जात केंद्राच्या कर्नाटकासाठीच्या यादीत आहे का ते बघा. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर राज्यवार यादी आहे. चंदगडच्या चुलतभावाला मिळाला म्हणजे तुम्हाला मिळेलच असं नाही. त्याची यादी महाराष्ट्राची, तुमची कर्नाटकाची. यादीत जात नसेल आणि वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) विचार करा, त्याला जमिनीच्या आणि घराच्याही अटी आहेत.

तारीख हा या दाखल्यांचा खरा काटा. ओबीसी आणि ईडब्ल्यूएस दोन्ही दाखले प्रवेशाच्या वर्षी १ एप्रिलनंतर काढलेले लागतात. माझ्या भाचीच्या वेळी आम्ही शहाणपणा करून फेब्रुवारीतच दाखला काढून ठेवला. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, वर झेरॉक्सच्या पाच प्रती. जूनमध्ये कागद तपासताना तो परत आला: मागच्या आर्थिक वर्षाचा. मग तीन दिवस हेलपाटे. एक दिवस सर्व्हर नाही, दुसऱ्या दिवशी सही करणारे साहेब मीटिंगला, तिसऱ्या दिवशी दुपारी दाखला हातात आला आणि सायबरवाल्यानं मुदत संपायला काही तास असताना तो चढवला. चूक आमचीच होती, तारीख आम्ही वाचलीच नव्हती. तेव्हा अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टाका, आधीही नको आणि नंतरही नको.

आणि दाखला कन्नडात असेल तर इंग्रजी प्रतही मागून घ्या. भोपाळच्या टेबलावरच्या माणसाला कन्नड वाचता येत नाही, आणि ऐनवेळी नोटरीकडून भाषांतर करून घेण्यात एक दिवस जातो.

मोबाईल नंबर आणि ईमेल मुलाचाच द्या, सायबरवाल्याचा नको. ओटीपी पुढे चार महिने येत राहतात.

अभ्यासाचं थोडक्यात

पीयूसीला विज्ञानाची पुस्तकं एनसीईआरटीचीच आहेत, म्हणजे वेगळं काही आणायला नको. बायोमॉलिक्युल्स हा धडा अकरावीच्या बायोलॉजीत आहे आणि बारावीच्या केमिस्ट्रीतही. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, बायोकेमिस्ट्री म्हणजे काय ते तिथेच कळतं. आम्ल-आम्लारी समतोल आणि बफर मुलं टाळतात. टाळू नका, रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास कसा राहतो हे त्यातूनच समजतं.

माध्यमाबद्दल माझं मत अनेकांना रुचत नाही, तरी सांगतो. सीयूईटीचा पेपर मराठीतून देता येतो. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला तो मोह होतो. पण दोन वर्षं ‘एन्झाइम’ आणि ‘हार्मोन’ घोकलेल्या मुलासमोर ऐन परीक्षेत ‘विकर’ आणि ‘संप्रेरक’ आले की तो अडखळतो. ५० प्रश्नांना ६० मिनिटं मिळतात, अडखळायला जागा नाही. शिवाय आयएटी मराठीत नाहीच, इंग्रजी आणि हिंदीत आहे. मराठीवरचं प्रेम घरी ठेवा, पेपर ज्या भाषेत शिकलात त्याच भाषेत द्या.

पसंतीक्रम भरताना

निकाल लागला की काम संपलं असं समजून अनेक जण मामाच्या गावी जातात, आणि तिथेच चुकतात. दिल्लीला सीयूईटी देणं म्हणजे अर्ज नव्हे. विद्यापीठाच्या सीएसएएस पोर्टलवर वेगळी नोंदणी करायची, पैसे भरायचे आणि मग कॉलेज-कोर्सच्या जोड्या क्रमानं लावायच्या. आयसरचंही तसंच, सात कॅम्पसचा क्रम तुम्ही लावायचा. क्रम मनासारखा लावा, ‘मिळेल का’ या हिशेबानं नव्हे. वरची पसंती नाही मिळाली म्हणून खालची हातची जात नाही. यादी मात्र लांब ठेवा. दोनच कॉलेजं भरून बसलेल्या एका मुलाला तिसऱ्यात सहज जागा मिळाली असती.

जागा मिळाल्यावर ती स्वीकारायची मुदत फार थोडी असते. त्या दिवसांत खात्यात पैसे आणि फोनला रेंज दोन्ही असू द्या. जांबोटीच्या पुढे राहणाऱ्यांनी तेवढे दिवस बेळगावात पाहुण्यांकडे काढलेले बरे.

नाही जमलं तर

यूयूसीएमएस या कर्नाटकातल्या विद्यापीठांच्या पोर्टलवरून इथल्या बीएस्सीचा अर्ज आधीच टाकून ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. तीन वर्षांनी जॅम परीक्षेतून आयआयटीत एमएस्सीला आणि आयआयएससीच्या इंटिग्रेटेड पीएचडीला जाता येतं. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीची एमएस्सी आहे. बारावीला बोर्डात वरच्या एका टक्क्यात आलेल्यांनी इन्स्पायर शिष्यवृत्तीकडे लक्ष ठेवावं. ती मूलभूत विज्ञानाच्या पदवीसाठी असते आणि विषयांच्या यादीत बायोकेमिस्ट्री आहे.

निघण्याआधी

कॉलेजमधून टीसी आणि बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट घ्या. टीसी लोकांना आठवते, मायग्रेशन आठवत नाही. राज्याबाहेर जाणाऱ्याकडे ते हमखास मागतात. मूळ कागद तिकडे जमा होऊ शकतात, म्हणून प्रत्येकाच्या रंगीत प्रती आणि फोनमध्ये स्कॅन ठेवा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि प्रवेशाची यादी त्यानंतर लागते, त्यामुळे बेळगावहून निजामुद्दीनला जाणाऱ्या गोवा एक्सप्रेसचं तिकीट वेटिंगमध्येच मिळणार, हे धरून चाला. एक तिकीट आधीच काढून ठेवा, नाही लागलं तर रद्द करता येतं.