किमो संपल्यावरचे दिवस दोघांनी कसे काढायचे

शेवटची किमो झाली की फोन सुरू होतात. सुटलात एकदाचे, आता भरपूर आराम, आणि पॉझिटिव्ह राहा. हे पॉझिटिव्ह राहा ऐकून माझे कान किटलेत. नवऱ्याचं कॅन्सरचं आजारपण मी दोनदा काढलंय, पहिल्यांदा किमोच्या सहा सायकल, म्हणजे सहा फेऱ्या, आणि वर रेडिएशन, मग तीन वर्षांनी परत पहिल्यापासून, आणि त्यानंतर ओळखीतल्या तीन-चार घरांना फोनवर तेच तेच सांगत आलेय, म्हणून आता लिहूनच टाकते. फाइल, गोळ्यांचा डबा, तपासण्यांच्या तारखा हे तुम्ही लावलेलं असणारच, त्यात शिरत नाही.

सोपं आधी उरकते.

ताप. किमो दिल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी बऱ्याचदा सगळ्यात खाली जातात. थर्मामीटर उशाशी ठेवा आणि ३८ सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट दिसलं की रात्रीचे दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटलला फोन करा. सकाळपर्यंत थांबायचं नाही, त्यांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल द्यायची नाही, कारण ताप उतरल्यासारखा दिसतो आणि इन्फेक्शन आत वाढत राहतं. यात मला वाद नको.

बाथरूम. किमोनंतर निदान ४८ तास औषध लघवी-उलटीतून बाहेर पडतं, म्हणून झाकण लावून दोनदा फ्लश आणि साफ करणाऱ्याच्या हातात ग्लोव्हज.

खाणं. उलटीची गोळी मळमळ सुरू व्हायची वाट न बघता सांगितलेल्या वेळेला. तोंडात धातूची चव येत असेल तर स्टीलचा चमचा सोडून लाकडी किंवा प्लॅस्टिकचा, वास सहन होत नसेल तर अन्न गार करून, आणि थोडं थोडं पाच-सहा वेळा. तोंड आलं असेल तर मऊ ब्रश, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, अल्कोहोलवालं माउथवॉश बंद.

आता थकवा. इथे मी पहिल्या वेळी साफ चुकले, म्हणून इथे नीट वाचा.

हा थकवा झोपून जात नाही. रात्रभर झोपलेला माणूस सकाळी दात घासून परत पलंगावर बसतो आणि त्याला खरंच उठवत नाही, तो आळस नाही, मन खचलंय असंही दरवेळी नाही. रेडिएशनमध्ये तर हा थकवा शेवटाकडे वाढत जातो आणि ट्रीटमेंट थांबल्यावरही काही आठवडे राहतो, कधी कधी महिने. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मग मी सकाळी सगळं त्याच्या हातात द्यायचे, पाणी, टॉवेल, मोबाइल, आणि संध्याकाळी मागे लागायचे की अरे ऊठ, चाल जरा, असं पडून राहून कसं बरं वाटणार. दोन्ही चूक.

एकदा चेकअपला निघायचं होतं. तो पलंगाच्या कडेला बसून शर्टाची बटणं लावत होता. किमोने बोटं बधिर झालेली, बटण काजाशी यायचं आणि निसटायचं. दोन लागली होती, तिसरं तीनदा निसटलं. मला उशीर होत होता, मी दे इकडे म्हणत सगळी भराभरा लावून टाकली. त्याने हात मांडीवर ठेवले आणि गाडीत एक शब्द बोलला नाही. रात्री म्हणाला, "दहा मिनिटं लागली असती, पण लागली असती गं." तेव्हापासून माझा नियम, मागितल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि निघायच्या वेळेच्या अर्धा तास आधी तयारी सुरू.

तर करायचं असं. पहिले दोन आठवडे एक वही करा. सकाळ, दुपार, संध्याकाळ अंगात ताकद किती ते दहापैकी त्याने सांगायचं, तुम्ही फक्त लिहायचं, "आज इतकीच कशी" असं विचारायचं नाही. आठवड्याभरात कळतं कोणती वेळ बरी जाते. आमच्याकडे सकाळी दहा ते बारा. अंघोळ, पाहुणे, बाहेरचं काम यातलं एकच त्या वेळात बसवायचं, तिन्ही नाही.

सगळ्यात मोठा धोका बऱ्या दिवसाचा. एक दिवस छान वाटतं म्हणून माणूस कपाट आवरतो, चार फोन करतो, बाहेर चक्कर मारतो आणि पुढचे दोन-तीन दिवस आडवा. बऱ्या दिवशीही वहीत ठरलंय तेवढंच. यावरून आमची भांडणं झाली तरी मी ऐकलं नाही.

आणि नुसता आराम हा सल्ला चुकीचा आहे. डॉक्टरांना विचारून रोज थोडं चालणं हा या थकव्यावरचा चांगला उपाय आहे. आम्ही घरातल्या घरात पाच मिनिटांनी सुरुवात केली, आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवली, थकवा वाढला तर परत मागे. दुपारची झोप अर्धा तास, त्याहून लांबली की रात्र जागी. थकवा हटतच नसेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला सांगा, वही दाखवा. नुसतं थकवा आहे म्हटलं की होतोच तो म्हणून सोडून देतात, वही दाखवल्यावर आमच्या वेळी लगेच रक्त तपासलं.

मग त्याची कामं त्याला एकेक करून परत द्या. सगळं तुम्ही केलंत तर तो घरात पेशंट म्हणूनच राहतो. बसून होणारी आधी, बिलं भरणं, कपड्यांच्या घड्या. बोटं बधिर आहेत तोवर सुरी आणि गरम भांडी नकोत, अंघोळीचं पाणी तुम्ही कोपराने बघा. विसरायला होतं, एकच गोष्ट दोनदा विचारतात, तेव्हा "आत्ता तर सांगितलं" म्हणू नका, फ्रिजवर लिहून चिकटवा. घडी वाकडी आली तर वाकडीच कपाटात ठेवा, त्याच्यासमोर मोडून परत घालू नका, मी घातली होती.

जवळीक. याबद्दल कुणी बोलत नाही आणि दोघं एकाच पलंगावर दोन टोकांना झोपतात. किमोनंतरचे काही दिवस कंडोम, किती दिवस आणि गर्भनिरोधक किती महिने ते डॉक्टरांना सरळ विचारा, ते रोज ही उत्तरं देतात. इच्छा नसणंही या दिवसांत येतं. तोवर हात धरून झोपा, पायाला तेल लावा, पण यातून पुढे काही व्हायलाच हवं असं नाही हे तोंडाने सांगा, नाहीतर समोरचा स्पर्शही टाळायला लागतो.

तुमच्यासाठी आठवड्यातली एक दुपार, त्या वेळी दुसरं कुणीतरी घरी. ठरलेला वार ठेवा, जमेल तेव्हा म्हणाल तर कधीच जमत नाही.

फॉलोअपच्या स्कॅनचा आठवडा रिकामा ठेवा. त्या दिवसांत दोघांचीही चिडचिड होते, झोप उडते. रिपोर्ट आल्यावर नातेवाइकांना कोण फोन करणार हे आधीच ठरवा, आमच्याकडे ते काम नणंदेचं, आणि आम्ही दोघं त्या संध्याकाळी फोन बंद ठेवतो.